बर्गी

आमच्या नाकाडोंगरीच्या शाळेत मंगोलांची गोष्ट निघाली की वर्ग कान टवकारून बसतो. घोडे, धनुष्य आणि लूट. पोरांना आणखी काय हवे! एकेका स्वारापाशी तीन-चार घोडी. एक दमले की दुसऱ्यावर मांड. चंगीझखानाचा नातू बातू १२३६ साली पश्चिमेकडे निघाला, १२४० मध्ये त्याने कीव्ह बेचिराख केले, पुढच्या वर्षी हंगेरीचे सैन्य मोहीजवळ लोळवले. इतक्यात थोरला खान ओगदेई वारला आणि १२४२ साली बातू माघारी वळला. ‘‘केवढे क्रूर!’’ पोरे म्हणतात. डोळे मात्र चमकत असतात.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘गुरुजी, आपले लोक असे कुठे गेले नव्हते ना?’’

गेले होते. नेमके पाचशे वर्षांनी, १७४२ साली, आणि तेही आमच्याच नागपूरकर भोसल्यांचे. आपले स्वार मंगोलांसारखे भटके नव्हते, घरीदारी शेतीवाडी असलेले होते. पण घोडदौड तीच, आज इथे तर उद्या भलतीकडेच. रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईसाठी बंगाल्यात शिरले. बरद्वानजवळ त्यांनी नबाब अलिवर्दीखानाची रसद तोडली. मे महिन्यात मुर्शिदाबादेस जगतशेठाची पेढी लुटली गेली. शरदात पंतांनी काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली, ती पुरी व्हायच्या आतच नबाब नदी उतरून तुटून पडला. ३१ मार्च १७४४ रोजी मानकऱ्याच्या छावणीत, तहाच्या बोलण्याला बोलावून, त्याने पंतांचा खून केला.

हा दगा आपल्याला पाठ असतो. त्याआधी गावोगाव काय झाले ते त्याच काळच्या गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराणा’त लिहून ठेवले आहे: जळती घरे, पोथ्या घेऊन पळणारे ब्राह्मण, बायकांची विटंबना. पाप्यांच्या शासनासाठी देवानेच मराठ्यांना धाडले, असे तो आरंभी म्हणतो. पुढे ही कृत्ये पाहून भवानीच त्यांच्यावर उलटते. आपली भवानी!

सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि आया लेकरांना निजवताना त्याचे नाव घेऊ लागल्या. कलकत्त्याला इंग्रजांनी भीतीने खंदक खणायला घेतला. १७५१ च्या तहात नागपूरकरांना ओरिसा आणि सालाला बारा लाखांची चौथाई मिळाली. अंगाईतला बर्गी मात्र तिकडेच राहिला.

वर्ग गप्प होता. मग तोच पोरगा हळूच म्हणाला, ‘‘गुरुजी, त्या गाण्यातले आपणच काय?’’

‘‘आपणच,’’ मी म्हणालो.