द्रवणांक व उत्कलनांक मापन

द्रवणांक व उत्कलनांक मापन ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत संयुगाची ओळख पटवण्यासाठी आणि त्याची शुद्धता तपासण्यासाठी वापरली जाणारी मूलभूत पद्धत होय. स्फटिकी स्थायू ज्या तापमानाला वितळतो त्यास त्याचा द्रवणांक म्हणतात. द्रवाचा बाष्पदाब बाहेरील दाबाइतका होऊन तो ज्या तापमानाला उकळू लागतो त्यास त्याचा उत्कलनांक म्हणतात. वितळबिंदू व उकळबिंदू या संज्ञाही मराठीत रूढ आहेत. या मापनासाठी पदार्थ अगदी अल्प लागतो व साधने साधी असतात; मात्र निष्कर्षाची विश्वासार्हता सर्वस्वी मापन करणाऱ्याच्या काळजीवर अवलंबून असते.

तत्त्व

शुद्ध स्फटिकात रेणूंची रचना सर्वत्र सारखी असल्याने तो एका ठराविक तापमानाला, साधारणतः अर्ध्या ते एक अंशाच्या आत, पूर्णपणे वितळतो. त्यात विरघळणारे दुसरे द्रव्य मिसळलेले असल्यास द्रवणांक खाली येतो आणि वितळण्याची क्रिया अनेक अंशांवर पसरते. म्हणून द्रवणांक एका आकड्याने न सांगता मर्यादेने नोंदवतात. पहिला द्रवबिंदू दिसतो ते तापमान आणि शेवटचा कण नाहीसा होतो ते तापमान असे दोन आकडे लिहिले जातात. नमुना ११६ ते १२१° से. या दरम्यान वितळला, तर तो बेंझोइक आम्ल (१२२° से.) असू शकतो, पण शुद्ध नाही, एवढे त्या नोंदीतून कळते. केवळ '१२१' असे लिहिल्यास ही माहिती हरवते. वाळू किंवा काचेचा चुरा यांसारखी, वितळलेल्या पदार्थात न विरघळणारी द्रव्ये द्रवणांकात बदल घडवत नाहीत; त्यामुळे ती या कसोटीतून निसटतात.

इतिहास

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल (१७८६–१८८९) यांनी प्राणिज मेदांवरील आपल्या संशोधनात द्रवणांकाचा पद्धतशीर उपयोग केला. मेदाम्लांचे पुनःपुन्हा स्फटिकीकरण करूनही द्रवणांक बदलेनासा झाला, म्हणजे पदार्थ शुद्ध झाला असे ते मानीत. हे संशोधन १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. थेंबभर द्रवाचा उत्कलनांक काढण्याची सिव्होलोबोव यांची पद्धत १८८६ मध्ये, तर जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहानेस थीले (१८६५–१९१८) यांची प्रसिद्ध नळी १९०७ मध्ये प्रकाशात आली. वर्णपटीय पद्धती प्रचारात येण्यापूर्वी नव्या सेंद्रिय संयुगाची ओळख बव्हंशी द्रवणांकावरच आधारलेली असे. द्रवरूप पदार्थापासूनही स्फटिकी अनुजात तयार करून त्याचा द्रवणांक कोष्टकाशी ताडून पाहत.

केशनलिका पद्धत

सुमारे १ मिलिमीटर आतील व्यासाच्या केशनलिकेचे एक टोक बर्नरच्या ज्योतीत वितळवून बंद करतात. नमुना पूर्णपणे कोरडा करून बारीक कुटतात. नलिकेचे उघडे टोक चूर्णात दाबून, नंतर नलिका टेबलावर हलकेच आपटून चूर्ण तळाशी घट्ट बसवतात. भरलेला थर २ ते ३ मिलिमीटर उंचीचा पुरतो. थर अधिक उंच असल्यास तो एकाच वेळी तापत नाही.

नंतर नलिका तापमापीला अशी जोडतात की चूर्ण तापमापीच्या फुग्याच्या मध्याशी येईल. ही जोडी थीले नळीतील द्रव पॅराफिनमध्ये किंवा सिलिकॉन तेलात बुडवतात. थीले नळीला कपाच्या कानासारखी वाकवलेली एक पोकळ बाजूनळी असते. तेथे उष्णता दिली की तापलेले तेल वर चढते, थंड तेल खाली येते आणि ढवळणीशिवाय सर्व तेलाचे तापमान एकसारखे राहते.

अपेक्षित द्रवणांकाच्या १५ ते २० अंश खालपर्यंत उष्णता जलद दिली तरी चालते. त्यापुढे तापमान मिनिटाला १ ते २ अंशच वाढावे लागते. घाई केल्यास तापमापी व चूर्ण यांच्या तापमानात तफावत पडते आणि मर्यादा रुंद दिसते. पदार्थ अज्ञात असल्यास एका नलिकेत जलद तापवून अंदाज घेतात व दुसऱ्या नलिकेत सावकाश मापन करतात. एकदा वितळून गोठलेला नमुना पुन्हा वापरत नाहीत. तो अंशतः विघटित झालेला असू शकतो किंवा वेगळ्या स्फटिकरूपात गोठलेला असू शकतो.

मिश्र द्रवणांक

द्रवणांक जुळला म्हणजे ओळख पटली असे होत नाही. यूरिया व सिनॅमिक आम्ल हे दोन्ही पदार्थ सुमारे १३३° से. ला वितळतात. त्यांचे समभाग मिश्रण मात्र सुमारे १००° से. ला वितळू लागते. या गुणधर्मावर मिश्र द्रवणांकाची कसोटी आधारलेली आहे. अज्ञात पदार्थ, ज्ञात पदार्थ आणि दोहोंचे मिश्रण अशा तीन नलिका एकाच तेलात शेजारी ठेवून तापवतात. तिन्ही एकदमच वितळल्या तर दोन्ही पदार्थ एकच असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. मिश्रण आधी वितळले, तर ते भिन्न ठरतात. तिन्ही नमुने एकाच तापमापीवर वाचले जात असल्याने तापमापीतील दोषाचा परिणाम येथे होत नाही.

उत्कलनांकाचे मापन

द्रव पुरेसा असल्यास ऊर्ध्वपातन करून उत्कलनांक काढतात. तापमापीचा फुगा बाजूनळीच्या तोंडाच्या किंचित खाली ठेवतात, म्हणजे तो बाष्पाने पूर्ण वेढला जातो. द्रव उसळू नये म्हणून तापवण्यापूर्वी त्यात सच्छिद्र चिनी मातीचे तुकडे टाकतात. ते तापलेल्या द्रवात टाकल्यास द्रव एकदम उफाळून बाहेर येतो.

सिव्होलोबोव पद्धतीत लहान नळीत द्रवाचे काही थेंब घेऊन, एका टोकाशी बंद केलेली केशनलिका उघडे टोक खाली करून त्यात ठेवतात. तापवताना प्रथम हवेचे तुरळक बुडबुडे येतात. उत्कलनांक ओलांडल्यावर त्यांची अखंड माळ सुटते. मग उष्णता काढून घेतात. थंड होताना बुडबुडे थांबून द्रव केशनलिकेत शिरू लागतो, त्या क्षणी बाष्पदाब बाहेरील दाबाइतका असतो. तेच तापमान उत्कलनांक म्हणून नोंदवतात.

उत्कलनांकासोबत हवेचा दाब नोंदवणे आवश्यक असते. मुंबईत समुद्रसपाटीला पाणी सुमारे १००° से. ला उकळते, सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात ते सुमारे ९८° से. ला, तर सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात ९५ ते ९६° से. ला उकळते. त्यामुळे पुण्यातील प्रयोगशाळेत पाण्यासाठी मिळालेले ९८ हे वाचन चूक नसून योग्य असते. तेथे पुस्तकातील १०० हा आकडा नोंदवहीत उतरवणे हीच चूक ठरते. द्रवणांकावर मात्र हवेच्या दाबातील अशा फरकाचा नगण्य परिणाम होतो.

त्रुटी व दुरुस्त्या

तापमापी प्रथम वितळत्या बर्फात आणि नंतर ज्ञात द्रवणांकाच्या शुद्ध पदार्थांनी तपासून घेतात. त्यासाठी नॅप्थॅलीन (८०° से.), ॲसिटॅनिलाइड (११४° से.) व बेंझोइक आम्ल (१२२° से.) सोयीचे ठरतात. तापमापीतील पाऱ्याचा काही भाग तेलाबाहेर थंड राहत असल्याने उच्च तापमानाला वाचन कमी येते. बाहेरील पाऱ्याची अंशांतील लांबी, तसेच वाचन व त्या भागाचे सरासरी तापमान यांतील फरक, या दोहोंच्या गुणाकारास ०.००१६ च्या दशांशाने, म्हणजे ०.०००१६ ने, गुणले की वाचनात मिळवायची दुरुस्ती मिळते. २००° से. वाचन असताना १०० अंश लांबीचा पारा बाहेर ३०° से. ला असेल, तर ही दुरुस्ती सुमारे २.७ अंश होते.

मर्यादा

काही पदार्थ वितळण्याबरोबरच विघटित होतात. साखर तापवताना तपकिरी होते ती याचमुळे. अशा वेळी आकड्यापुढे 'विघटनासह' असा शेरा देतात. एकाच संयुगाची निरनिराळी स्फटिकरूपे भिन्न तापमानांना वितळू शकतात. विशिष्ट प्रमाणातील काही मिश्रणे शुद्ध पदार्थाप्रमाणे एकाच तापमानाला वितळतात. त्यांना यूटेक्टिक मिश्रणे म्हणतात. तसेच सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल व उरलेले पाणी यांचे मिश्रण ७८.२° से. या स्थिर तापमानाला उकळते. म्हणजे स्थिर उत्कलनांक हा एकटा शुद्धतेचा पुरावा नव्हे.

सुरक्षितता

पूर्वी तेलाऐवजी संहत सल्फ्युरिक आम्ल वापरले जाई. नळी फुटल्यास त्याने गंभीर भाजते. तप्त तेलात पाण्याचा थेंब पडला तरी तेल उडते, म्हणून नळी बाहेरून व आतून कोरडी असावी लागते. तापमापी फुटल्यास सांडलेला पारा बेसिनमध्ये न सोडता बंद बाटलीत गोळा करतात, कारण त्याचे बाष्प विषारी असते. विद्युत तापित धातूच्या ठोकळ्याची व स्वयंचलित उपकरणे आता अनेक ठिकाणी वापरली जातात. त्यांतही नमुना कोरडा असणे, तापन संथ असणे आणि प्रत्यक्ष दिसलेली मर्यादाच नोंदवणे या अटी कायम आहेत.