सदुसष्ट घातांकाची मेर्सेन संख्या

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता मिळणारी १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी पूर्णांक संख्या. मूळ (अविभाज्य) म्हणून गणली गेलेली ही संख्या संयुक्त आहे, असे १८७६ मध्ये सिद्ध झाले. परंतु तिचे अवयव १९०३ पर्यंत अज्ञातच राहिले. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव हाती येणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

२ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येचा घातांक संयुक्त असेल, तर ती संख्याही संयुक्त असते. तथापि घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ असतेच असे नाही. उदा., ११ या घातांकापासून येणारी २०४७ ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. फ्रेंच धर्मगुरू व गणितज्ञ मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ हेच मूळ संख्या देतात, असे प्रतिपादन केले. मात्र त्याची सिद्धता दिली नाही. पुढे ६७ व २५७ यांचा समावेश चुकीचा ठरला, तर ६१, ८९ व १०७ हे घातांक सुटल्याचे आढळले.

एद्वार ल्यूका (१८४२–९१) यांनी अवयव न शोधताच मूळत्व पारखण्याची रीत काढली. डी. एच. लेमर यांनी ती नंतर सुटसुटीत केली. तीनुसार ४ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्ग करावयाचा, त्यातून २ वजा करावयाचे व दिलेल्या संख्येने भागून शेष घ्यावयाचा. प्रस्तुत संख्येसाठी ही क्रिया ६५ वेळा केल्यावर शेष शून्य उरत नाही. म्हणून ती संयुक्त ठरते. मात्र अवयव कोणते, याविषयी ही कसोटी काहीच सांगत नाही.

या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीहून १ ने अधिक असावा लागतो. तरीही वर्गमूळापर्यंत, म्हणजे सु. १,२१५ कोटींपर्यंत, तपासावयाच्या संख्या हाताने आकडेमोड करणाऱ्यास अफाटच होत्या. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) यांनी वर्गावशेषांच्या साहाय्याने ही चाळणी आटोक्यात आणली आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे अवयव मांडले. त्यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार करून दाखविला व या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडल्याचे पुढे सांगितले, अशी हकीकत ई. टी. बेल यांनी नोंदविली आहे.

हे अवयव संगणक आता क्षणार्धात काढतो. परंतु मूळ भेद कायम आहे. २००२ मध्ये कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचे मूळत्व शीघ्र व निश्चितपणे ठरविणारी रीत दिली. अवयव पाडण्याची तशी शीघ्र रीत सर्वसाधारण संगणकासाठी उपलब्ध नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी योजलेल्या गुप्तलेखन पद्धतीची सुरक्षितता याच उणिवेवर आधारलेली आहे.