पांजे स्टेशनवर उतरा

भाईंदरला उतरायचं म्हणून तुम्ही कोपर सावरून दाराकडे सरकता, पण रेटायला कोणी नाहीच. तारीख आहे १२ एप्रिल १८६७. सकाळी विरारहून सुटलेली ही गाडी बॅकबेला जाणार आणि संध्याकाळी परतणार. दिवसाला एवढीच एक गाडी. गार्डाला भाईंदर विचारलंत तर तो मान हलवतो. नीला, बसीन, पांजे, बोरिवला, पहाडी अशी स्टेशनं आहेत, पण भाईंदर नाही. तेव्हा पांजेलाच उतरा.

हे पांजे म्हणजे आजचं पाणजू बेट. खाडी त्याच्या दोन्ही अंगांनी वाहते, म्हणून पूलही दोन. लोखंडाचे पोकळ खांब, त्यांच्या टोकाला स्क्रूची पाती, आणि फिरवत फिरवत ते चिखलात रुतवलेले. बी. बी. सी. आय. कंपनीने हा मार्ग १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडपर्यंत खुला केला. म्हणजे पूल अजून तीन वर्षांचाही नाही. खालचं पाणी उल्हास नदीचं. राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली ही नदी ठाण्यापाशी दोन वाटा धरते: एक ठाण्याच्या खाडीत उतरते, दुसरी घोडबंदरला वळसा घालून वसईकडे येते. तुम्ही या दुसऱ्या वाटेवर आहात. होडीत बसा आणि दक्षिणेचा काठ गाठा.

काठावर पाय ठेवताच डोळे दिपतात. एप्रिल आहे, मिठागरं ऐन भरात आहेत.

"दादा, वाफ्यान पाय नको टाकू!" बांधावरचा आगरी ओरडतो. त्याचं ओरडणं रास्त आहे. तुम्हाला जो साधा चिखल दिसतो, ती त्याची दोन महिन्यांची मेहनत आहे. पावसाळा सरल्यावर वाफ्यातलं गोडं पाणी काढून टाकायचं, बांध लिंपायचे, मग तळ पायांनी तुडवायचा. माणसं ओळीने उभी राहून तुडवतात, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, तळ घोटून गुळगुळीत आणि कठीण होईपर्यंत. तुमच्या एका बुटाने तिथे खळगा पडला, तर पाणी मुरेल आणि मिठात माती येईल.

आता त्याच्याबरोबर बांधावरून चाला, घाई करू नका. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला उघाडी उचलतात आणि खाडीचं पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात घेतात. तिथे ते दिवसेंदिवस पडून राहतं. मग दुसरं तळं, त्याहून उथळ. मग तिसरं. पाणी पुढे नेणारा पंप नाही. जमिनीचा बोटभर उतार ते काम करतो, आणि तो उतार कोणत्याही नकाशावर नाही, आगऱ्याच्या पायांना माहीत आहे. समुद्राचं पाणी खारेपणाच्या बोमे मापाने साडेतीन अंशांच्या आसपास असतं. मीठ धरायला ते पंचविसावर जावं लागतं. आगऱ्याजवळ मापनळी नाही. तो पाण्याचा रंग बघतो, बोट बुडवून जिभेला लावतो, कडेला पातळ साय धरली का पाहतो. मीठ धरल्यावर उरलेलं पाणी वेळेवर सोडून द्यायचं, कारण त्यातला मॅग्नेशियम बसला की मीठ कडू होतं. उशीर झाला तर रास वाया. लांब दांड्याच्या लाकडी फळीने तो खडे ओढून बांधावर आणतो. पाण्याने आणि खड्यांनी चिरलेले त्याचे पाय तुम्ही पाहिलेच असतील.

रास बांधली तरी ती त्याची होत नाही. मिठावर सरकारचा कर आहे, आणि तो मिठाच्या मूळ किमतीहून कितीतरी जास्त. पहारा आहे, वजन आहे, परवाना आहे. त्रेसष्ट वर्षांनी दांडीला एक म्हातारा वाकून मूठभर मीठ उचलेल. पण ते आत्ता या माणसाला सांगून उपयोग नाही.

पश्चिमेला डोंगर दिसतो तो धारावी बेटाचा. (मुंबईची धारावी वेगळी.) तिकडे चाललात की वर्षंही मागे सरतात. चौकच्या टेकडीवर पोहोचाल तेव्हा मार्च १७३९ आहे. बेट नुकतंच मराठ्यांच्या हाती आलंय. का लढले एवढे, ते इथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही: पलीकडे वसईचा किल्ला, मध्ये खाडीचं मुख, आणि आत शिरणारं प्रत्येक गलबत तोफेच्या टप्प्यात. दोन महिन्यांनी चिमाजीअप्पांपुढे वसई शरण येईल. पायाखालचा काळा दगडही पाहून ठेवा. या परिसरातल्या खाणींचा दगड वसईच्या तटांना आणि चर्चना लागला. गोव्याच्या बाँ जेझुस चर्चच्या दर्शनी भिंतीलाही वसईचाच दगड आहे, असं सांगतात. लढाईची नोंद सगळे ठेवतात, पाथरवटांची कुणी ठेवलेली मला आढळली नाही.

आता एकदम पुढे या. शतक विसावं, अखेरची वर्षं. खाडीत होड्या उभ्या आहेत आणि काठीला धरून माणसं पाण्याखाली जातायत. हातात लोखंडी बादली, छातीत भरून घेतलेला श्वास. याला डुबी म्हणतात. सरकारी कागदांतही हाच शब्द आहे. तळातली रेती बादलीत भरली की वरचा सोबती दोराने ओढतो. त्या रेतीने मुंबईचे टॉवर उभे राहिले आणि खाडीचा तळ खचला. पुढे सक्शन पंप आले आणि डुबीवाल्याचंही काम गेलं. मला या धंद्याबद्दल हळहळ वाटावी की राग यावा, हे अजून ठरत नाही.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून आता स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याचा आवाज येतोय. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या मोकळ्या खाजणांनी पाणी सामावून घ्यायचं काम किती केलं, हे मीठ न पिकवणाऱ्यांनाही कळायला हवं होतं.

तुम्ही परत आजमध्ये आहात. घोडबंदरच्या किल्ल्याची डागडुजी करता येते: दगड आणा, चुना आणा, पाटी लावा. मिठागराचं तसं नाही. दोन हंगाम बांध लिंपला नाही, तर तिथे आधी तिवरं येतात, मग राडारोडा, मग जाहिरातीचा फलक. तिवरं यायला माझी हरकत नाही; २००५ पासून उच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलंय ते बरंच झालं. पण कुंपण घालून "वारसा" म्हणून ठेवलेलं कोरडं मिठागर म्हणजे निव्वळ रिकामा प्लॉट, आणि रिकाम्या प्लॉटचं मीरा-भाईंदरमध्ये काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

स्पेनमधल्या अन्यानाच्या खोऱ्यात हा पेच त्यांनी सोडवला. तिथल्या लाकडी टेकूंवरच्या मिठाच्या पायऱ्या मोडकळीला आल्या होत्या. त्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि त्यांवर पुन्हा मीठ पिकवायला माणसं लावली, कारण पाणी खेळतं राहिलं तरच लाकूड टिकतं. आपल्याकडे मिठागरांच्या बऱ्याच जमिनी केंद्राच्या मीठ खात्याच्या ताब्यात आहेत, भाडेपट्टे आणि खटले आहेत, ते सगळं खरं. तरी थोडे एकर, एक उघाडी आणि तळ तुडवायला येणारी आठ-दहा आगरी माणसं एवढं अशक्य नाही. अट एकच, त्यांना मजुरी पाहुण्यांसमोर नाचल्याची नव्हे, मीठ पिकवल्याची मिळावी. ते मीठ थोडं करडं निघेल, पाकिटातल्यासारखं भुरभुरणार नाही. गिऱ्हाईक मात्र लांब शोधायला नको. उत्तनच्या कोळणींना मासळी खारवायला जाडंच लागतं.