गैरहजर बाकांचा प्रश्न

शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, थोड्या मार्कांचा विषय. मीही तो बरीच वर्षं तसाच शिकवला. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलं गेलं, हे वाक्य मुलं घोकायची, पेपरात लिहायची आणि विसरून जायची. त्यामागे केवढा वाद झाला होता, याचा त्यांना पत्ताच नसे. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. म्हणजे राज्यघटना भांडून, पण नियमानं भांडून तयार झाली. मग मुलांनाही ती तशीच का शिकवू नये?

२००३ च्या डिसेंबरात मराठवाड्यातल्या एका गावी मी आठवीवर हा प्रयोग केला. वर्गाचे चार गट पाडले, एका मुलाला अध्यक्ष केलं. चिठ्ठीत जी बाजू निघेल ती मांडायची. अट एकच : विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं, की ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं तो कबूल करील.

विषय होता १९४६ च्या डिसेंबरचा. घटना समिती ९ तारखेला दिल्लीत भरली. १३ तारखेला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगनं बहिष्कार घातला होता, संस्थानांचे प्रतिनिधी अजून यायचे होते. ही मंडळी येईपर्यंत ठराव पुढे ढकला, अशी दुरुस्ती बॅ. मुकुंदराव जयकरांनी सुचवली. ती अनेकांना रुचली नाही. १७ तारखेला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ध्यानीमनी नसताना बोलायला बोलावलं. बाबासाहेबांनी थांबण्याच्या बाजूनं कौल दिला. ठराव करण्याचा तुम्हाला अधिकार आहे का, हा प्रश्न नाही. आज तो करणं शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न आहे, असा त्यांचा रोख होता. निर्णय जानेवारीवर गेला. लीग तेव्हाही आली नाही. अखेर २२ जानेवारी १९४७ ला ठराव मंजूर झाला.

मुलं वादात रंगली. ‘जे येतच नाहीत, त्यांच्यासाठी किती थांबायचं?’ एकानं विचारलं. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. ‘सर, आपल्या वर्गातले पण चौदा जण नाहीत.’

वर्ग गप्प झाला. पटावर त्रेचाळीस नावं होती. चौदा मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. आणि आदल्याच आठवड्यात आम्ही जानेवारीतली सहल ठरवली होती, हात वर करून, पाच मिनिटांत.

मग खरी चर्चा झाली. एप्रिलात ऊन आणि परीक्षा, असं एक बाजू म्हणाली. त्यांना निदान विचारायला तरी हवं होतं, असं ती मुलगी म्हणाली. अध्यक्ष सोडून अठ्ठावीस मतं पडली. सतरा जानेवारीच्या बाजूनं, अकरा विरुद्ध. सहल जानेवारीतच गेली. मी मध्ये पडलो नाही. पडायला हवं होतं का, हे अजूनही मनात येतं. एवढंच केलं, की दोन्ही बाजूंची भाषणं एका वहीत लिहून घ्यायला लावली.

एप्रिलमध्ये ती मुलं परतली. मी त्यांना वही वाचून दाखवली. त्यांतल्या एकानं विचारलं, ‘आमच्या बाजूनं कोण बोललं?’ ती मुलगी उभी राहिली. मग विरुद्ध मत दिलेले बाकीचे दहा जणही उभे राहिले. तो थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘पुढच्या वर्षी आम्ही जायच्या आधी विचारा.’

हरलेल्या बाजूचं म्हणणं लिहून ठेवायचं कशासाठी, हे त्या दिवशी मला कळलं. जयकरांचं भाषणही घटना समितीच्या कामकाजात असंच नोंदलेलं आहे.

पुढच्या वर्षी नववीच्या सहलीचा विषय दसऱ्याआधी निघाला. तेव्हा त्रेचाळीसही जण वर्गात होते.