वर्ध्याच्या आश्रमपरिवारातील एक जर्मन ज्यू अध्यापिका

नाझी राजवटीतील ज्यूंच्या छळाचा विचार सामान्यतः छळछावण्यांपासून सुरू होतो. शिक्षकवर्गाच्या बाबतीत मात्र त्याचा आरंभ एका सेवाविषयक कायद्याने झाला. ७ एप्रिल १९३३ च्या ह्या कायद्याने ‘अनार्य’ सरकारी सेवकांस निवृत्त करावयाचे ठरले. आजा-आजींपैकी एक जण ज्यू असला तरी तेवढे पुरे, असा खुलासा चारच दिवसांनी निघाला. ज्यांची सेवा दहा वर्षांची झाली नव्हती, त्यांस निवृत्तिवेतनही नाकारण्यात आले. महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांस सूट होती; स्त्री-शिक्षकांच्या ती क्वचितच उपयोगी पडणार, हे उघड आहे.

ह्या धोरणामुळे अध्यापनास मुकलेल्यांत बर्लिनच्या डॉ. मार्गारेटे श्पीगेल होत्या. १९३३ मध्येच त्या भारतात येऊन गांधीजींच्या परिवारात दाखल झाल्या व वर्ध्यास राहिल्या. गांधीजींनी त्यांस ‘अमला’ हे नाव दिले. त्यांस गांधीजींनी लिहिलेली पत्रे समग्र वाङ्मयात समाविष्ट आहेत. पुढे त्या मुंबईत अध्यापन करू लागल्या.

ह्या परिचयाचे महत्त्व केवळ चरित्रापुरते नाही. २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी जर्मनीतील ज्यूंस सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. जर्मनीतील परिस्थितीच्या अज्ञानातून हा सल्ला दिला गेला, असे म्हटले जाते. ते अर्धेच ग्राह्य वाटते. पदच्युत अध्यापिका पाच वर्षांपूर्वीच त्यांच्या सहवासात आली होती. दक्षिण आफ्रिकेतील त्यांचे ज्यू स्नेही हर्मन कालेनबाख १९३७ मध्ये भारतात येऊन त्यांस भेटले होते. गांधीजींस छळ ठाऊक होता. परंतु तो १९३३ चा, ज्यातून माणूस उपजीविका गमावून का होईना, जिवंत बाहेर पडू शके. फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून उत्तर देताना मार्टिन बूबर यांनी नेमक्या ह्याच फरकावर बोट ठेविले : जेथे साक्षीलाच वाव नाही, तेथे आत्मक्लेशाचा प्रभाव पडावा कोणावर? बूबर स्वतः फ्रांकफुर्ट विद्यापीठातील अध्यापन १९३३ मध्ये सोडून आलेले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

युद्ध सुरू होताच भारतातील जर्मन पुरुषांस अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांत नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते. चौकशीनंतर त्यांतील अनेकांची सुटका झाली. इकडे हे निर्वासित शत्रुराष्ट्राचे नागरिक गणले जात असतानाच, २५ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने जर्मनीने परदेशस्थ ज्यूंचे नागरिकत्व रद्द केले व त्यांची मालमत्ता सरकारजमा केली.