चोपदाराचा दंड आणि कोठीची किल्ली

स्मरणिकेसाठी दिंडीचा इतिहास लिहा, असं समितीनं मला सांगितलं. मी बरीच वर्षं दिंडीची चोपडी लिहिली, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. चोपड्या काढून बसलो, तर पानोपानी तांदूळ, तूरडाळ, गूळ, रॉकेल आणि ट्रकभाडं. यातून इतिहास कसा काढायचा, असा प्रश्न पडला. पण पानं उलटता उलटता जुनी भांडणं आठवत गेली आणि ध्यानात आलं, की आपल्या दिंडीतली मोठी भांडणं जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवरून झाली. चालकानं कशात हात घालायचा आणि कशात घालायचा नाही, यावरून. म्हणून त्याबद्दलच लिहितो. थोरल्यांच्या आठवणी या अंकात इतरांनी लिहिल्याच आहेत.

माऊलींच्या सोहळ्यात संध्याकाळी पालखी मुक्कामाच्या तळावर येते तेव्हाची समाजआरती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दिंड्या भोवतीनं उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम चाललेले असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार दंड वर करून आरोळी देतात आणि सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली, तर तिचा टाळ थांबत नाही. तेवढाच वाजत राहतो. चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातात, काय झालं ते ऐकतात, निवाडा करतात. मग तो टाळ थांबतो. हरवलं-सापडलं पुकारतात, दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते.

लहानपणी मला याची गंमत वाटायची. चोपडी हातात आली तेव्हा कळलं, की ही केवढी अक्कल आहे. एवढ्या दिंड्या, त्यांची लाखो माणसं. वरून एकजण प्रत्येकाची चूल, प्रत्येकाची राहुटी बघायला गेला असता, तर सोहळा दिवे घाटसुद्धा चढला नसता. आणि कुणीच बघितलं नसतं, तर दुसऱ्या मुक्कामालाच मारामाऱ्या झाल्या असत्या.

सोहळ्याची ही घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी. त्याआधी तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी 1685 मध्ये देहूहून पालखी सुरू केली होती. तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत जायच्या. पुढं मानपानावरून तंटे वाढले, असं सांगतात. हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. गावाकडं परतताना वाटेत सातपुड्यात लुटारूंनी धरलं, तिथं त्यांनी हरिपाठ सोडला नाही आणि सुटका झाली ती माऊलींच्या कृपेनं, ही कथा आपण कीर्तनात ऐकतोच. ते आळंदीला राहिले आणि 1832 च्या सुमारास माऊलींची पालखी वेगळी निघू लागली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. ते घोडे आजही अंकलीहून चालत आळंदीला येतात.

सरदार माणूस, त्यामुळं लष्कराची शिस्त अंगात होती. पहाटे कर्णा तीनदा होतो: आवरा, उभे राहा, निघा. दिंडीची जागा ठरलेली, कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही. निघायची वेळ, विसावा, मुक्काम, क्रम, हे सगळं वरून ठरतं. पण दिंडीच्या आत वीणा कुणाच्या गळ्यात, मृदंगावर कोण, स्वयंपाक काय, भिशी किती, हे ज्याच्या त्याच्या दिंडीनं बघायचं. त्यात वरचा माणूस येत नाही. टाळ वाजत राहिला तरच येतो. आणि हैबतबाबांनी स्वतःसाठी जागा कुठली घेतली? आळंदीच्या महाद्वारातली पायरी. त्यांची समाधी तिथं आहे. महाद्वारातून माऊलींकडं जाणारा माणूस तिच्यापाशीच येतो.

आता आपण सोलापूरकर. आपल्याकडं या बाबतीतली आणखी जुनी गोष्ट आहे, आणि ती वारकरी संप्रदायाच्या बाहेरची असली तरी सांगतो, कारण संक्रांतीच्या गड्ड्याला आपल्यातलं कोण जात नाही? सात नंदीध्वज खांद्यावर आले की आपणही बाराबंदी बघायला उभे असतोच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना घेऊन इथलं तळं खोदलं. नुसतं सांगून खोदवलं नाही, स्वतः श्रमाला उभे राहिले. कन्नड ‘शून्यसंपादने’ ग्रंथात अशी कथा आहे, की अल्लमप्रभू सोलापुरात आले आणि खोदणाऱ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा तो वड्डर सिद्धराम कुठं आहे? गुरूला वड्डर म्हटलं म्हणून शिष्य चिडले आणि त्यांनी दगड उचलले. दगड प्रभूंना लागले नाहीत, रागावलेले सिद्धराम समोर आले आणि मग दोघांचं बोलणं झालं. पुढं सिद्धराम प्रभूंबरोबर कल्याणला गेले.

या कथेचा अर्थ जाणते लोक खूप खोल लावतात. माझी तेवढी पोच नाही. मला एवढंच दिसतं, की प्रभूंनी तळं बुजवा म्हटलं नाही. तळं अजून आहे, देऊळ त्यात उभं आहे. त्यांनी बोट ठेवलं ते ‘हे माझं काम’ या भावनेवर. आणि दुसरं, दगड उचलले ते शिष्यांनी. मोठा माणूस कामात फार गुंतला, की त्याच्या भोवतीची माणसं त्याच्यापेक्षा जास्त तापतात. हे मी आपल्या दिंडीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

उलट बाजूनं गाडगेबाबा आठवतात. पंढरीच्या वारीला आले, की त्यांचा मुक्काम वाळवंटात, हातात खराटा. दिवसा झाडायचं, रात्री कीर्तन. धर्मशाळा बांधल्या, त्यातली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या संस्थेकडं सोपवून मोकळे झाले. म्हणजे हातानं काम करणारा माणूस मालकी सोडायलाही मोकळा असू शकतो. खराटा स्वतः धरायचा, पण धर्मशाळेची किल्ली दुसऱ्याला द्यायची. हे दोन्ही एका माणसाला जमणं फार कठीण. आपल्याला जमलं नव्हतं.

आता आपलं घरचं सांगतो. नावं घेत नाही, सगळे आपलेच आहेत, आणि काही आता वैकुंठवासी झाले.

आपले एक चालक असे होते, की सगळं स्वतः करायचे. पहाटे ट्रकमध्ये पाल भरताना ते, टँकरपाशी ते, आमटीत मीठ किती हे चाखायला ते. कोठीची किल्ली त्यांच्या कोपरीच्या आतल्या खिशात. माणूस सोन्यासारखा, स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला वाढणारा. एका वर्षी नातेपुत्याच्या मुक्कामावर त्यांना ताप भरला आणि त्यांना गाडीनं अकलूजला न्यावं लागलं. किल्ली त्यांच्याबरोबर गेली. सव्वाशे माणूस जेवायचं, तांदूळ कुलुपात. किल्लीचं जाऊ द्या, कुलूप तोडता आलं असतं. पण तोडा म्हणायची कुणाची छातीच झाली नाही. वीस वर्षं कुणी काही ठरवलंच नव्हतं. शेवटी शेजारच्या दिंडीनं पिठलं-भाकरी दिली. आणि हेही कबूल करतो, की चोपडी माझ्याकडं होती, कोठीत काय आहे हे मला ठाऊक होतं, तरी मीही गप्प बसलो. नंतर कुणीतरी म्हणालं, महाराजांनी जबाबदारी वाटून द्यायला हवी होती. तर त्यांचे जवळचे चार-पाच जण त्याच्या अंगावर धावून गेले. मला तळ्यावरचे दगड आठवतात ते इथं.

त्यांच्यामागं आले ते चालक याच्या अगदी उलट. त्यांनी कामं वाटली, याद्या केल्या, छान झालं. पण मग ते जीपनं पुढच्या मुक्कामाला आधी जाऊन बसायला लागले. चालणं सुटलं. ‘मी माणसं नेमली आहेत ना’ हे त्यांचं पालुपद. एका पावसाच्या रात्री वेळापुरात म्हाताऱ्या माणसांची पालं चिखलात लागली. तुळस डोक्यावर घेऊन दिवसभर चाललेल्या बाया रात्रभर उकिडव्या बसल्या. चालकांना कळलं ते सकाळी. नेमलेल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, की ‘सगळं व्यवस्थित आहे’.

त्या दिवशी संध्याकाळी भंडीशेगावात हरिपाठ संपला, सगळ्यांचे टाळ थांबले, आणि मागच्या बाजूला बायकांच्या टाळ्या चालूच राहिल्या. आधी वाटलं, नादात आहेत. मग लक्षात आलं. समाजआरतीचाच कायदा लावला होता त्यांनी. चालक मागं चालत गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि दुसऱ्या दिवशी वाखरीच्या वाटेवर ते शेवटच्या ओळीत, तुळशीवाल्यांच्या मागं चालत होते.

त्या पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावर सगळे बसले आणि दोन-तीन गोष्टी ठरल्या, त्या आजवर चालू आहेत. कोठीच्या किल्ल्या दोन, दोन्ही चालकाकडं नाहीत. चालकानं रोज शेवटच्या पंगतीला जेवायचं, सगळं संपत आलेलं असतं तेव्हा. एका मुक्कामाला तरी सर्वांत वाईट जागेत झोपायचं. पण तिथं काही चुकलेलं दिसलं, तर तिथल्या तिथं हुकूम सोडायचा नाही, ज्याच्याकडं ते काम आहे त्याला बोलावून विचारायचं. हा शेवटचा नियम पाळायला सगळ्यांत अवघड गेला. अजून जातो. शेवटच्या पंगतीच्या नियमालाही विरोध झाला होता. आचारी म्हणाले, ही आमच्यावर पाळत आहे. दोन वर्षं कुरबुर चालली. मग एकदा आमटी खरंच पाण्यासारखी उरली, चालकांनी ती निमूट खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी डाळ वाढवायची मागणी आचाऱ्यांनीच माझ्याकडं केली. चोपडीत त्या तारखेला डाळ चार किलो जास्त लिहिली आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण मोबाईल. आता दिंडीचा ग्रुप आहे. पाल कुठं लावू, टँकर वळवू का, साखर कुठल्या दुकानातून घेऊ, सगळं चालकाला विचारतात, आणि चालकही रात्री अकराला उत्तर देतात. एका जागी बसून सव्वाशे माणसांच्या आमटीत मीठ घालायची सोय झाली आहे. त्यात ना चालणं आहे, ना सोपवणं. नव्या चालकांना मी हे तोंडी सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, काका, तुम्हीच तर काल गॅसच्या टाकीचं मला विचारलं. ते खरं आहे. टाकीचं काम ज्या पोराकडं आहे, तो माझ्यापासून दहा पावलांवर बसला होता.

येत्या ज्येष्ठात आळंदीला जाण्याआधी दिंडीची बैठक आहे. दुसरी किल्ली गेली काही वर्षं माझ्याकडं आहे. आता गुडघे चालत नाहीत, नीरेपर्यंत कसाबसा येईन. त्या बैठकीत ती किल्ली तुळशीवाल्या बायकांपैकी एकीकडं द्यावी, असं मी सुचवणार आहे. आजवर बाईकडं कोठी दिलेली नाही, तेव्हा बोलणं होईल. होऊ द्या. मी चोपडीही बरोबर आणतो आहे.