शुल्बसूत्रांतील क्षेत्ररूपांतर

यज्ञवेदींच्या रचनेसाठी एका आकृतीवरून ठरावीक क्षेत्रफळाची दुसरी आकृती दोरीने आखण्याची प्राचीन भारतीय रीत. ही रीत सांगणाऱ्या ग्रंथांत बौधायन, आपस्तंब, कात्यायन व मानव यांची शुल्बसूत्रे प्रमुख आहेत.

चौरसाच्या कर्णावर काढलेल्या चौरसाचे क्षेत्रफळ मूळ चौरसाच्या दुप्पट असते, हे बौधायनाने स्पष्ट सांगितले आहे. १० मी. बाजूच्या चौरसाची परिमिती ४० मी. व क्षेत्रफळ १०० चौ. मी.; कर्णावरील चौरसाचे क्षेत्रफळ २०० चौ. मी., पण परिमिती सुमारे ५६.५७ मी. म्हणजे बाजू व परिमिती √२ पट झाल्या. बाजूच दुप्पट केली, तर क्षेत्रफळ चौपट होते. विद्यार्थी नेमके येथेच चुकतात. √२ साठी सूत्रांनी दिलेली ५७७/४०८ ही किंमत पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. त्या काळाच्या मानाने ही अचूकता थक्क करणारी आहे.

समरूप आकृतींचा खरा कस श्येनचितीत, म्हणजे पक्ष्याच्या आकाराच्या वेदीत, लागतो. पहिल्यांदा रचताना साडेसात चौरस पुरुष (पुरुष हे लांबीचे माप) असलेले तिचे क्षेत्रफळ पुढच्या वेळी साडेआठ करायचे, पण पक्ष्याचा आकार तोच ठेवायचा. क्षेत्रफळांचे गुणोत्तर १७/१५ असल्याने प्रत्येक लांबी √(१७/१५), म्हणजे सुमारे १.०६५ पट करावी लागते. क्षेत्रफळ १३.३ टक्क्यांनी वाढले, तरी परिमिती जेमतेम ६.५ टक्क्यांनी वाढते.

चौरसाचे वर्तुळ करण्याची रीत मात्र स्थूल आहे. तिने मिळणारे क्षेत्रफळ मूळ चौरसापेक्षा सुमारे १.७ टक्के जास्त भरते.